ताजमावशीची साक्ष

घोरावाडी स्टेशनातून बाहेर पडून गावाकडं निघालं की उजव्या हाताला चार गाळ्यांची एक बैठी इमारत लागते. तिथल्या तिसऱ्या गाळ्यात ताजुन्निसानं बावीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. आसपासच्या तीन शाळांतली पोरं तिच्या हाताखालून गेलेली. कुणाचा डावा खांदा जरा उतरता आहे, कुणाची चड्डी दिवाळीपर्यंतच आखूड होणार, कुणाच्या घरी थोरल्याचा शर्ट उसवून धाकट्याला बसवायचा आहे, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. मापं वहीत लिहून ठेवायची खरी, पण वही उघडायची वेळ क्वचितच यायची.

सगळा भाग तिला ताजमावशी म्हणायचा. नवरा चाँदभाई रेल्वेत गँगमन होते. निवृत्त झाल्यापासून गाळ्याच्या दाराशी खुर्ची टाकून काज-बटणं करत बसायचे. बोलणं कमी, हात सफाईदार. मावशीचं उलटं. तिचं तोंड आणि मशीन एकाच वेळी चालायचं, आणि दोन्हींतून चूक व्हायची नाही.

गाळा गोरखचा होता. जवळच्या उर्से गावाच्या अंगाला जमीन असलेल्या जुन्या शेतकरी घरातला हा माणूस. जमिनी कारखान्यांत गेल्यावर त्यानं कामगार पुरवायचा ठेका घेतला आणि त्यात जम बसवला. हात सढळ. जत्रेतल्या कुस्त्यांची बक्षिसं त्याची, गणपतीचा मंडप त्याचा. मावशीच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा यानंच तिला आपल्या गाडीत घालून पुण्याला नेलं होतं आणि भूल उतरेपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला होता. मावशी हे विसरली नव्हती. पुढं जे झालं त्या सगळ्या काळातही विसरली नाही.

दोन हजार बावीसच्या जूनमध्ये गोरखची बायको सारिका मुलाला घेऊन मापाला आली. सार्थक, सहावीत गेलेला. दरवर्षी बापाबरोबर यायचा. मावशीनं पोराला काही विचारलं की उत्तर बाप द्यायचा. या वर्षी गोरखला ठेक्याच्या कामात सवड नव्हती.

शाळेचा शर्ट अर्ध्या बाह्यांचा. मावशीनं टेप खांद्यावर ठेवला तसा सार्थक म्हणाला, "मला फुल बाह्या पाहिजेत."

"शाळेत चालत न्हाईत रे."

"डास चावतात."

सारिका लगेच म्हणाली, "मावशी, शिवा फुल. मी बोलते शाळेत."

छातीचं माप घ्यायला मावशीनं टेप पाठीमागून फिरवला आणि पोरगं एकदम आत ओढल्यासारखं झालं. गुदगुल्या झालेलं पोर कसं वळवळतं हे तिला ठाऊक होतं. हे तसं नव्हतं. तिनं टेप ढिला सोडला, अंदाजानं आकडा लिहिला आणि म्हणाली, "परवाच्याला एकटाच ये, सार्थक. कॉलर बघायची हाय." शर्टाच्या कॉलरला ट्रायल लागत नाही. चाँदभाईंनी सुई थांबवून बायकोकडं पाहिलं.

परवा तो आला. मावशीनं त्याला बटणांचा डबा दिला आणि मशीनशेजारच्या स्टुलावर बसवलं. पांढरी एका वाटीत, निळी दुसऱ्या वाटीत. शाळेचं विचारलं, कबड्डीचं विचारलं, बापाचं काहीच विचारलं नाही. पाऊण तास असा गेला. मग सार्थक खाली बघूनच म्हणाला, "मावशी, शर्ट आतून मऊ कापडाचा असतो का?"

"कशाला रं?"

"टोचतो."

चाँदभाई उठून चहा आणायला गेले. मावशीनं गाळ्याचा पडदा अर्धा ओढला. "मी बघू का? तू दाखवलंस तर बघीन. न्हाई म्हनलास तर न्हाई."

त्यानं शर्ट वर केला. पाठीवर पट्टे होते. काही जुने, तपकिरी पडलेले. काही त्याच आठवड्यातले. दंडावर, अर्धी बाही वर सरकली की दिसतील अशा जागी, चटक्यांचे तीन गोल डाग होते.

मावशी रडली नाही, ओरडलीही नाही. तिला तेवढं कळलं की आपण ओरडलो तर पोरगं शर्ट खाली करील आणि पुन्हा कधी वर करणार नाही.

"कोणाला सांगू नका," सार्थक म्हणाला. "पप्पा आईला मारतील. मी अभ्यास करत नाही म्हणून मारतात. माझीच चूक असते."

इथं कुणीही म्हटलं असतं, नाही सांगत हो बाळा. मावशीनं ते म्हटलं नाही. "हे बघ," ती म्हणाली, "सांगनार न्हाई आसं मी म्हननार न्हाई, कारन ते खोटं हुईल. पन कुनाला सांगायचं ते आधी तुला सांगीन. तुझ्या पाठीमागं काय बी करनार न्हाई. आनि चूक तुझी न्हाई."

पोरगं पुन्हा निळी बटणं वाटीत टाकू लागलं.

त्या दिवशी घरी जेवणं झाली नाहीत. चाँदभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाळा त्याचा हाय, ताज."

"गाळा त्याचाच हाय. पोराची पाठ त्याची न्हाई."

"त्यानं तुला दवाखान्यात नेलं होतं."

"व्हय. नेलं होतं. म्हनून तर जीव तुटतोय. वाईट मानूस आसता तर सोपं गेलं आसतं."

आधी ती सारिकाकडं गेली. सारिका चहा टाकायला म्हणून आत गेली ती बाहेरच येईना. शेवटी दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, तुमचं वय झालं, तुम्हाला नीट दिसलं नसेल. सायकलवरून पडलाय तो." बोलताना ती डाव्या हातानं उजवं मनगट धरून उभी होती. मावशीनं वाद घातला नाही. "माझं दार उघडं हाय," एवढं बोलून परत आली.

मग शाळा. अनिता मॅडम मुख्याध्यापिका होत्या. नेमाला धरून चालणाऱ्या, पण भल्या. त्यांनी ऐकलं आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. शाळेच्या नव्या खोलीचा पत्रा गोरखनं दिला होता. "घरातली गोष्ट आहे मावशी. पालकांना बोलावून समज देऊ."

"समज दिली तर आज संध्याकाळी पोराचं काय हुईल, मॅडम?"

मॅडमनी टेबलाच्या काचेखालचा एक कागद बाहेर काढला. त्यावर मुलांच्या मदतीचा नंबर होता, एक शून्य नऊ आठ. वर्षानुवर्षं कागद तिथंच होता, नंबर कधी फिरवलेला नव्हता. मावशीनं आधी मधल्या सुट्टीत सार्थकला बोलावून घेतलं आणि त्याला सांगितलं, आता आम्ही फोन करणार आहोत, माणसं येतील, ती तुला विचारतील, मी जवळच असेन. तो म्हणाला, "आईला पण घेऊन जातील का?" मावशी म्हणाली, "ते मला ठाऊक न्हाई. विचारू." मग मॅडमनी फोन लावला. पलीकडच्या माणसानं विचारलं, तक्रार देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं का. मावशीनं फोन हातात घेऊन आपलं नाव सांगितलं, गाळ्याचा पत्ता सांगितला.

तिथून पुढं सगळं भराभर झालं. दोन बायका आल्या, मुलाशी बोलल्या. सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. पोलीस चौकीतल्या फौजदार बाईंनी साध्या कपड्यात शाळेत येऊन जबाब घेतला. पुण्याच्या बाल कल्याण समितीनं आदेश दिला की मुलानं सध्या आजीकडं राहावं. आजी म्हणजे सारिकाची आई लीलाबाई, लेण्यांखालच्या बेडसे गावची. म्हातारीनं नातवाला पाहिलं, काही न विचारता त्याचं दप्तर आपल्या खांद्याला अडकवलं आणि चालू लागली. सारिका त्या दिवशी गेली नाही. ती नवऱ्याच्या घरीच राहिली.

गोरखला अटक झाली आणि आठवड्याभरात जामीनही झाला. सुटल्यावर तो गाळ्यासमोर येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही. "मावशी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. गाळा रिकामा करा."

मावशीनं मशीन आधीच पुसून, पट्टा काढून ठेवलं होतं. "आज संध्याकाळपर्यंत करते," ती म्हणाली. "तू मला दवाखान्यात नेलंस ते मी मरंस्तवर इसरनार न्हाई, गोरख. ते एगळं आनि हे एगळं."

मशीन घराच्या पडवीत आलं. गाव मात्र पडवीत येईना. त्या जूनला निम्मी गिऱ्हाइकं वडगावला गेली. पाण्याच्या टाकीजवळ बायका म्हणायच्या, बाप मारणार नाही तर कोण मारणार, आम्ही नाही का मार खाल्ला. कुणी म्हणालं, हिला काय पडलंय आपल्या लोकांच्या घरात नाक खुपसायला. "आपल्या लोकांच्या" हा शब्द मावशीला लागला. चार पिढ्या या गावात गेल्या होत्या, आणि तिनं निम्म्या गावाच्या लग्नातली पोलकी शिवली होती. तिचा माज नावाचा मुलगा टोलनाक्यावर कामाला होता. त्याला तिथं कुणीतरी बोललं. तो घरी येऊन म्हणाला, "अम्मी, केस मागं घे."

"केस माझी न्हाई बाबा. सार्थकची हाय. त्याला इचार."

माजनं पुन्हा विषय काढला नाही. उलट तारखेच्या दिवशी रजा टाकून तिला कोर्टात सोडायला लागला.

श्रावणातल्या एका सकाळी दत्तोबा पडवीत आले. गोरखचे वडील. पंचाहत्तरीचा माणूस, हातात काठी, डोक्याला पांढरी टोपी. आता हे शिव्या देणार म्हणून चाँदभाई उभे राहिले. दत्तोबा खाली बसले, पाणी मागितलं, प्याले.

"ताज, पोराची पाठ तू बघितलीस नव्हं?"

"व्हय आबा."

"कशी हाय?"

मावशीनं सांगितलं. काही वाढवलं नाही, काही लपवलं नाही.

म्हातारा काठीच्या टोकानं जमिनीवर रेघा ओढत राहिला. "मी गोरखला बैलाच्या कासऱ्यानं मारायचो," तो म्हणाला. "गोठ्यात बांधून. लेकरू सात-आठ वर्षांचं. गावात लोक म्हनायचे, दत्तोबाची पोरं कशी शिस्तीत हायेत. मला लय बरं वाटायचं. आता तो त्याच्या पोराला मारताना मी दोनदा बघितलं. ओसरीवरनं उठलो न्हाई. काय म्हनून उठू? त्यानं मलाच इचारलं आसतं."

मावशी म्हणाली, "आबा, हे तुमी मला सांगून काय उपेग? कोर्टात सांगाल का?"

"पोटच्या पोराइरुद्ध?"

"नातू बी पोटचाच हाय की."

दत्तोबा उठून गेले. मावशीनं सोडून दिलं. पण पुढच्या महिन्यात फौजदार बाईंनी कळवलं की आजोबा स्वतःहून चौकीत येऊन जबाब देऊन गेले. त्याच आठवड्यात सारिका एका पिशवीत कपडे भरून बेडशाला आईकडं निघून गेली. सासऱ्यानंच तिला एसटीत बसवून दिलं, असं नंतर कळलं.

खटला उभा राहायला दीड वर्ष गेलं. मावशीची साक्ष झाली त्या दिवशी तिनं इस्त्रीची साडी नेसली आणि डोक्यावर पदर घेतला. समोरचा वकील हुशार होता. त्यानं गाळ्याचं भांडण काढलं, मग वय काढलं, मग म्हणाला, "तुम्ही डॉक्टर आहात?"

"न्हाई साहेब. कपडे शिवते."

"मग त्या खुणा पट्ट्याच्या होत्या, हे तुम्ही कशावरून सांगता? सायकलवरून पडून पण खरचटतं."

"साहेब, मी बावीस वर्षं पँटीला लूप लावते. कंबरेचा पट्टा किती रुंद आसतो ते मला डोळं झाकून कळतं. पोराच्या पाठीवरचा एकएक वळ दीड इंची होता. वरपासून खालपर्यंत दीड इंची. खरचटलेलं आसं एका मापाचं नसतं." मग ती थांबली आणि म्हणाली, "एक वळ जरा कमी भरला आसता तरी मी तसं सांगितलं आसतं. मापात मी खोटं बोलत न्हाई."

कोर्टात कुणी हसलं नाही. न्यायाधीश बाईंनी ते उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. डॉक्टरांच्या कागदात सेंटिमीटर होते. सरकारी वकिलांनी हिशेब करून दाखवला, माप जुळत होतं. दत्तोबांनी काठी टेकत आपलं म्हणणं मांडलं. सारिकाला बोलताना दोनदा पाणी द्यावं लागलं, पण ती शेवटपर्यंत बोलली. दोन हजार पंचवीसच्या सुरुवातीला निकाल लागला. गोरख दोषी ठरला, शिक्षा झाली. फार मोठी नाही, आणि वरच्या कोर्टात अपील चालू असल्यानं तो बाहेरच आहे. मावशीला निकालाचं विचारलं की ती म्हणते, "तुरुंगात कोन किती दिवस बसलं ते माझं काम न्हाई. पोरगं झोपतंय, ते बघा."

निकालानंतर गावानं तिला ग्राम बालसंरक्षण समितीवर घेतलं. समिती पूर्वीपासून कागदावर होती, बैठक कधी झालेली नव्हती. मावशीची पहिली बैठक म्हणजे तालुक्याचं प्रशिक्षणच. एका तरुण अधिकाऱ्यानं प्रोजेक्टरनं भिंतीवर चित्र पाडलं. निळे खांब, वर्षागणिक उंच होत गेलेले. देशात मुलांविरुद्धचे नोंदलेले गुन्हे आता वर्षाला दीड लाखाच्या पुढं गेलेत, तो सांगत होता, आणि लैंगिक गुन्ह्यांत तर बहुतेक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो. सभागृहात चुकचुकणं झालं. मागून एक सरपंच म्हणाले, जमाना बिघडला. दुसरे म्हणाले, आमच्या गावाचा आकडा शून्य आहे, देवाची कृपा.

मावशीनं हात वर केला. "साहेब, एक इचारू का? दोन हजार इकवीसचा खांब कुटला?"

त्यानं दाखवला.

"आमच्याकडचं एक पोरगं त्या साली मार खात होतं. त्याच्या आदल्या साली बी. ते या खांबात हाय का?"

"नोंद झाली नसेल तर नाही, मावशी."

"मग ते बाविसच्या खांबात आलं. त्या साली तर त्याचा मार थांबला." ती शब्द शोधत होती. "म्हंजे खांब उंच झाला, तवा पोरगं सुटलं. मग उंच खांब वाईट का चांगला?"

अधिकारी प्रामाणिक होता. तो म्हणाला, "खरं सांगू, नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही. गुन्हे पण वाढले असतील, तक्रारी पण वाढल्या असतील. दोन्ही एकदम होऊ शकतं."

"मग ज्या गावाचं शून्य हाय," मावशी शून्यवाल्या सरपंचांकडं न बघता म्हणाली, "तितं आधी जायला पायजे."

आणि ती गेली. त्या वर्षात चाँदभाईंना बरोबर घेऊन तिनं अकरा वाड्या पालथ्या घातल्या. भाषण करायची नाही. शाळेत बसायची, सुटलेली बटणं लावून द्यायची, कुणाची शिवण उसवली असेल तर शिवायची. पोरं आपोआप भोवती जमायची. आयांना ती एकच गोष्ट सांगायची: लेकरू सांगतं तेव्हा आधी ऐकून घ्या, आणि "कुनाला सांगत न्हाई" असा शब्द देऊ नका. त्या वर्षात तिच्यामुळं तीन तक्रारी नोंदल्या गेल्या. एक खोटी निघाली, पोरीला खरंच झाडावरून पडून लागलं होतं. मावशीनं त्या घरी जाऊन बापाची माफी मागितली. बापानं चहा पाजला.

गावही हळूहळू पडवीत आलं. आधी एका आजीनं नातवाची चड्डी आणली, मग दोघी-तिघी. सारिका दर मंगळवार-शुक्रवारी बेडशाहून येते आणि मावशीजवळ शिवण शिकते. तिच्या हाताला अजून वळण नाही, कॉलर उलटी बसते. मावशी तिला पुन्हा उसवायला लावते.

गेल्या मार्चमध्ये गोरखनं पुण्याच्या बाल कल्याण समितीकडं अर्ज केला की मुलाला भेटायचं आहे. त्यानं समुपदेशन घेतल्याचे कागदही जोडले होते. सार्थकनं सांगितलं, ताजमावशी बरोबर असेल तर मी येतो. लीलाबाई, मावशी आणि तो पुण्याच्या कार्यालयात गेले. सार्थक आता नववीत, मावशीपेक्षा वीतभर उंच. गोरख बाहेरच्या बाकावर बसला होता. केस पिकले होते. मावशीला बघून तो उठून उभा राहिला आणि त्यानं मान खाली घातली. मावशीनं विचारलं, "बरा हायेस का?" तो म्हणाला, "आहे."

आत समितीच्या बाईंनी सार्थकला विचारलं, वडिलांना भेटायचं का. तुझ्या मनात असेल तेच सांग, कुणाला वाईट वाटेल याचा विचार करू नकोस.

मावशी त्याच्याकडं बघत नव्हती. आपल्या चेहऱ्यावरून त्यानं उत्तर वाचू नये म्हणून ती भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती.

"आत्ता नको," सार्थक म्हणाला. "दहावी झाल्यावर मला परत विचारा. आणि त्यांना सांगा, मी रागावून नाही म्हणत. मला अजून भीती वाटते, म्हणून."

बाईंनी ते त्याच्याच शब्दांत लिहिलं, त्याला वाचायला दिलं आणि खाली त्याची सही घेतली. बाहेर गोरखला तो कागद वाचून दाखवला गेला. त्यानं ऐकलं, मान हलवली आणि तो जिना उतरून गेला. लीलाबाईंना भूक लागली होती. तिघांनी स्टेशनाबाहेर मिसळ खाल्ली आणि दुपारची गाडी धरली.